चौथ्या दगडावरची फट

मित्रांनो, मी एक जुनी शिळा आहे. शिळा म्हटल्यावर तुम्हाला कालचा उरलेला भात आठवला असेल, तर खुशाल हसून घ्या. मी म्हणजे एक भलामोठा, सपाट दगड. चार उभ्या दगडांच्या डोक्यावर मी आडवी पडून आहे आणि माझ्या पोटाखाली एक बुटकी खोली आहे. चार दगड म्हटलं खरं, पण मी टेकले आहे तिघांवरच. चौथा माझ्यापर्यंत पोचत नाही. त्याचा माथा आणि माझं पोट यांच्यामध्ये, हात आडवा घातला तर जाईल एवढी फट आहे. तिच्यातून खोलीत उजेड येतो.

ही फट आता बुजवायची ठरली आहे. मध्यंतरी काही जाणकार मंडळी आली, माझ्याभोवती फिरली, वाकून वाकून पाहून गेली. एवढं मोठं धूड तिघांच्या जिवावर उभं आहे, उद्या कोसळलं तर काय घ्या, असं त्यांचं म्हणणं पडलं. आता माझ्या बाजूला सिमेंटच्या गोण्या येऊन पडल्या आहेत. त्या लोकांचा हेतू वाईट नाही, हे मला कळतं. पण ही फट पडली कशी आणि राहिली का, हे त्यांना कोणी सांगितलेलं नाही. मला तोंड असतं तर मीच सांगितलं असतं. निदान तुम्ही तरी ऐका.

माझा जन्म अमुक दिवशी झाला, असं मला सांगता येत नाही. मी कातळात होते आणि कातळ झोपलेला होता. त्या झोपेत मला स्वप्नं पडत. कधी आपण पाणी आहोत असं वाटे, कधी आपण उन्हात वाळत घातलेलं काहीतरी आहोत असं वाटे. मग एकदा माझ्या पाठीवर कोणीतरी कान ठेवला. ऊबदार, माणसाचा कान. त्याने गोट्याने मला हळूच ठोकलं, ऐकलं, थोडं पुढे सरकून पुन्हा ठोकलं, आणि म्हणाला, "ही चांगली आहे. आतून कुठे फुटलेली नाही."

हा माणूस म्हणजे हाकाऱ्या. मोठे दगड ओढताना सगळ्यांनी एकाच वेळी जोर लावावा म्हणून जो हाक देतो, तो हाकाऱ्या. तेव्हा लोखंड नव्हतं, चाक नव्हतं, ओझ्याला जनावर नव्हतं. होती ती माणसं, लाकूड, दोर आणि पाणी.

पाण्याचं ऐकून तुम्हाला नवल वाटेल. त्यांनी माझ्या कडेने गोट्यांनी ठोकून ठोकून एका रेषेत भोकं पाडली. त्यांत सुकलेल्या लाकडाच्या पाचरी गच्च बसवल्या आणि वरून पाणी ओतत राहिले. लाकूड पाणी प्यायलं आणि फुगलं. मला आधी गुदगुल्या झाल्या, मग दुखलं, आणि पहाटेच्या सुमाराला टच्च आवाज करून मी कातळापासून वेगळी झाले. एवढ्या मोठ्या कातळाला एवढ्याशा लाकडापुढे हात टेकावे लागले. हाकाऱ्याने माझ्यावर थाप मारली आणि म्हणाला, "चल गं बाई, आता सासरी चल."

मग तीच त्याची हाक झाली. दोन जाड ओंडके जोडून केलेल्या ओढगाडीवर त्यांनी मला वाशांनी उचकून उचकून चढवलं. वाटेत आडवी लाकडं टाकली आणि त्यांवर ओली चिकणमाती सारवली, म्हणजे गाडी घसरेल. पुढे दोरांना सगळं गाव. हाकाऱ्या माझ्यापुढे उलटं चालत हाक द्यायचा, "चल गं बाई!" आणि सगळे एकदम ओरडायचे, "सासरी चल!" त्या 'चल'वर जोर बसायचा आणि मी बोटभर, कधी हातभर सरकायचे. पुढे बायका मुद्दाम नाक ओढत रडल्यासारखं करायच्या आणि हसू आवरेना म्हणून दोरच सोडून द्यायच्या. माझ्यासारखी जड नवरी त्या वाटेने पुन्हा गेली नाही, एवढं मी छातीठोकपणे सांगते.

ते सगळे दोर वळायची हाकाऱ्याची बायको. तिला सगळे दोरवाली म्हणत. झाडाची साल भिजवायची, कुटायची, पिंजायची आणि मांडीवर पीळ देत दोर वळायचा. तिच्या मांडीला घट्टे पडले होते आणि जिभेलाही धार होती. तिच्या घरात चुलीवर एक वेगळा दोर टांगलेला असे. तो ओढायचा नव्हता, मापाचा होता. त्याला गाठी होत्या. उभे दगड जमिनीच्या वर किती राहायला हवेत, खड्डा किती खोल हवा, हे सगळं त्या दोराने ठरायचं. धुराने तो काळाकुट्ट झाला होता. दोरवाली त्याला कोणालाही हात लावू द्यायची नाही. का लावायचा नाही, हेही कधी कोणाला सांगायची नाही.

टेकडीच्या पायथ्याशी मी पोचले आणि हाकाऱ्या गेला. ताप आला, चार दिवस बडबडला, गेला. शेवटच्या बडबडीतही तो मलाच "चल गं" म्हणत होता, असं मी पुढे ऐकलं. त्याला आधी मातीत ठेवलं आणि मग त्याची हाडं दोरवालीने स्वतः धुऊन एका टोपलीत भरून घरी आणली. वर टेकडीवर जी खोली व्हायची होती, तिच्यात पहिला तोच जाणार होता. दोरवाली टोपलीवर हात ठेवून म्हणाली, "ह्यांना डोक्यावर छप्पर मिळाल्याशिवाय मी काही मरत नाही." आणि ते छप्पर म्हणजे मी. त्या बाईचा सगळा जीव माझ्यात अडकला होता, मित्रांनो, आणि मी पायथ्याशी गवतात पडून होते.

त्या गवतातले दिवस मला अजून आठवतात. माझ्याखाली किडे घर करायचे, अंगावर पानं पडायची, आणि वरून टेकडीवरचे आवाज तरंगत यायचे. वर उभे दगड बसवणं चाललं होतं. खड्डा खणायचा, दगडाचं बूड त्याच्या तोंडाशी आणायचं, मागून वाशांनी उचलून आणि पुढून दोरांनी ओढून दगड उभा करायचा, मग मापाचा दोर लावून माथा बघायचा. जास्त वर आला तर खड्डा आणखी खोल करायचा. माप जुळलं की भोवती धोंडे ठोकून घट्ट करायचं. तीन दगड असे उभे राहिले. हाक आता दोरवालीचा मुलगा देत होता. त्याचा आवाज बापासारखा नव्हता, पण लोक सांभाळून घेत होते.

चौथ्या दगडाच्या दिवशी दोरवालीला अंथरुणातून उठवेना. तिने सुनेला सांगितलं, "आज तू जा. दोर घेऊन जा."

ही सून अंगाने बारीक, हाताने चपळ आणि स्वभावाने भारी टापटिपीची होती. घरात तिची सासूकडून रोज काही ना काही खरडपट्टी निघे. हे मळलंय, ते पसरलंय, तुझ्या माहेरी असंच चालायचं का. त्या दिवशी पहिल्यांदा सासूने तिच्या हातात मापाचा दोर दिला होता. तिने बघितलं तर दोर काजळीने माखलेला. अख्ख्या गावासमोर आपण हे असलं काळंकुट्ट लोंबकळत न्यायचं? ओढ्यावरून जाताना तिने दोर छान चोळून चोळून धुतला.

मित्रांनो, जे पाणी पाचरीला फुगवतं, ते दोरालाही फुगवतं. दोर अंगाने फुगला की लांबीने आखडतो. ओल्या दोराने माप घेतलं, तर ते तोकडंच भरणार. चौथ्या दगडाचा माथा उंच वाटला म्हणून त्यांनी खड्डा खोल केला, दगड खाली बसवला, धोंडे ठोकले आणि सून आनंदाने घरी आली. दोर चुलीवर वाळला आणि पुन्हा होता तेवढा झाला. हाकाऱ्या असता तर त्याला नुसत्या डोळ्यांनी फरक कळला असता. पण तो टोपलीत होता.

पुढचं काम मातीचं. उभ्या दगडांमधली सगळी जागा त्यांनी मातीने ठासून भरली, बाहेरूनही माती घातली आणि टेकडीच्या उतारापासून वरपर्यंत लांबलचक चढण केली. आता चौघांचे माथे मातीत गडप झाले होते. मला पुन्हा ओढगाडीवर घेतलं. "चल गं बाई, सासरी चल!" चढणीवर माझं वजन मला स्वतःलाच नकोसं झालं होतं. मागे सरकू नये म्हणून पाठोपाठ ओंडके अडकवत, थांबत, धापा टाकत त्यांनी मला वर नेलं आणि मातीवर अलगद निजवलं. खाली कोण आहे, किती उंच आहे, मला काहीच दिसत नव्हतं. नव्या नवरीला पहिल्या दिवशी काय दिसतं!

मग बाहेरची माती उतरवली, दगडांच्या माथ्याशी दाबून बसलेली तेवढी राहिली. आता उरलं सगळ्यात अवघड काम. माझ्याखालची माती काढायची. वर मी आणि खाली माणूस. दाराची जागा म्हणून सोडलेल्या बाजूने आधी पुरुषांनी खणलं. शिंगाची कुदळ आणि गुराच्या खांद्याच्या हाडाचं फावडं. माती जसजशी निघाली तसतशी मी खाली टेकत गेले. पहिल्या दगडावर. मग दुसऱ्यावर. मग तिसऱ्यावर. प्रत्येक वेळी माझ्या अंगातून असा काही करकरण्याचा आवाज निघे की बाहेरची माणसं श्वास रोखून धरायची. सगळ्यात आतला कोपरा चौथ्या दगडाजवळचा. तिथे पुरुषाचे खांदे शिरत नव्हते. सून म्हणाली, "मी जाते." ती पोटावर सरपटत आत गेली आणि मातीच्या टोपल्या मागे सरकवू लागली.

मित्रांनो, त्या वेळी मी मनातल्या मनात चौथ्या दगडाला हाका मारत होते. अरे, कुठे आहेस? माझ्या त्या टोकाखालून माती निघत होती आणि पायाला काहीच लागत नव्हतं. अंधारात जिन्याची पायरी चुकावी तसं मला झालं.

मग शेवटचं ढेकूळ पडलं आणि आतमध्ये, जिथे अंधार असायला हवा होता तिथे, उजेडाची एक पट्टी उमटली.

"सासूबाई!" सुनेचा आवाज आला. "वरच्या बाजूने उजेड दिसतोय. हा दगड... हा दगड छपराला लागतच नाहीये."

दोरवाली काठी टेकत दाराशी आली होती, टोपली तिच्या काखेत होती. तिने वाकून आत विचारलं, "दोर धुतला होतास का गं?"

"हो," आतून आवाज आला. "काळा झाला होता. तुम्हीच म्हणता ना, सगळं मळकं ठेवते म्हणून."

दोरवालीने कपाळावर हात मारला. आत सुनेची पाचावर धारण बसली होती. तिला पुढे जाता येईना, मागे येता येईना. हलले तर छप्पर पडेल, असं तिने मनाशी घेतलं होतं आणि ती त्या कोपऱ्यात अंग आखडून बसली होती. तिचा नवरा आत शिरायला निघाला, पण खांद्याला अडकला. "ये ना गं बाहेर," तो रडवेला होऊन म्हणत होता.

"बाजूला हो," दोरवाली म्हणाली.

"आई, तू कुठे जातेस? पडलं म्हणजे?"

"पडलं तर माझ्यावर पडू दे. ही टोपली धर. आणि हाक-बिक देऊ नकोस, उगाच सगळे ओढायला लागतील."

आणि ती म्हातारी गुडघ्यांवर रांगत माझ्याखाली आली. मी माझा श्वासही आवरून धरला. दगडाला श्वास नसतो म्हणा, पण जे काही असतं ते. ती सुनेच्या शेजारी जाऊन बसली, पाय पसरले आणि थोडा वेळ दम खात राहिली.

"मी मारलं सगळ्यांना," सून रडत म्हणाली.

"कोणी मेलं नाही अजून. इकडे बघ. आपली चूल किती दगडांची?"

"तीन."

"एवढा मोठा हंडा चढवतेस तिच्यावर. कधी कलंडला?"

"नाही."

"मग झालं तर. चार दगड असते तर डुगडुगली असती. ही बाई तिघांवर नीट बसलीये. मला आत येताना कळलं, जराही हलत नाहीये." म्हातारीने वर हात करून मला थोपटलं. "दोर ओला झाला की आखडतो. म्हणून चुलीवर ठेवायचा, कोरडा. हे मी तुला सांगायला हवं होतं. माझ्या सासूनेही मला सांगितलं नव्हतं. मी एकदा दोर पावसात विसरले, तर दोन दिवस बोलली नाही माझ्याशी. पण का, ते नाही सांगितलं. माझं मलाच शोधावं लागलं. वाटलं, हिलाही शोधू दे."

"सांगितलं असतंत तर ऐकलं असतं मी."

"ठाऊक आहे," दोरवाली म्हणाली. "म्हणून तर लाज वाटतेय."

मित्रांनो, दगडाला पाझर फुटतो असं तुम्ही म्हणता. त्या दिवशी माझ्या पोटाला घाम आला होता, एवढंच मी सांगेन. त्या दोघी कितीतरी वेळ तिथेच बसून बोलत राहिल्या. बाहेरच्यांना वाटलं आत काही झालं, म्हणून मुलगा हाका मारू लागला. त्या बाहेर आल्या तेव्हा दोघींची तोंडं मातीने माखलेली होती, आणि टापटिपीच्या सुनेच्या ते लक्षातही आलं नाही.

पुरुषमंडळी लगेच दगडाच्या चिपा गोळा करायला लागली, फट बुजवायला. दोरवालीने त्यांना थांबवलं. "राहू दे तशीच," ती म्हणाली. "ह्यांचा सगळा जन्म हाका मारण्यात गेला. चारी बाजूंनी बंद केलंत तर करमायचं नाही त्यांना. हाक आत जायला तेवढी वाट हवी." मग तिने टोपली आत नेऊन ठेवली, आणि मला छप्पर म्हणून मान मिळाला.

त्यानंतर ती रोज संध्याकाळी यायची. फटीला तोंड लावून नवऱ्याला दिवसभराचं सगळं सांगायची. साल चांगली मिळाली नाही. पोराचा आवाज आता बरा लागतो. सुनेने दोर वळला तो माझ्याहून सरस झालाय, पण तिला म्हटलं नाही अजून. हे शेवटचं सांगून झालं, की थोडी थांबायची आणि म्हणायची, "बरं, आज सांगते." आणि खरंच घरी जाऊन सांगायची. मला कसं कळलं? दुसऱ्या दिवशी सून येऊन तेच सासऱ्याला सांगायची, वर "ऐकलंत का, काय म्हणाल्या त्या!" असं हसत म्हणायची.

मग दोरवालीही आत आली. तेव्हापासून सून फटीपाशी बसून तिच्याशी भांडायची. हो, भांडायची. अमुक दोर असा का वळायचा, तमुक गाठ कशाला, हे तुम्ही सांगितलंच नाहीत. मग स्वतःच उत्तर शोधून काढायची आणि तेही सांगायला यायची. तिची स्वतःची सून आली तेव्हा तिला सोबत घेऊन यायची आणि मोठ्याने, म्हणजे आतही ऐकू जाईल असं, सगळं कारणासकट शिकवायची. एक दिवस तीही आत आली. मग तिची सून. मग नातसून. मग मला नावं लक्षात राहिनाशी झाली.

हळूहळू लोक पांगले. ओढा आटला, गाव उठून दुसरीकडे गेलं. माझ्यावर गवत वाढलं, झाडं आली आणि गेली. माझ्याखाली कोल्हे व्याले, मेंढ्या उन्हाच्या थांबल्या, कोणी गवताचे भारे रचले. आतली हाडं माती झाली आणि ती माती उंदरांनी कुठे कुठे नेली. मला पुन्हा झोप लागू लागली. झोपेत कोणीतरी "चल गं बाई" म्हणायचं आणि मी सरकल्यासारखी व्हायचे. जागी होऊन बघावं तर वारा.

मग अलीकडे तुमच्यासारखी माणसं आली. माझं फार कौतुक झालं. फोटो निघाले. एका गृहस्थांनी माझ्याच सावलीत उभं राहून लोकांना सांगितलं, की ही फट प्राचीनांनी मुद्दाम ठेवली आहे, वर्षातल्या एका ठरावीक सकाळी सूर्याचा पहिला किरण नेमका आत पडावा म्हणून. केवढी ही गणितं, केवढी बुद्धी! लोकांनी माना डोलावल्या. मला इतकं हसू आलं, की अंगावरचा शेवाळाचा एक पापुद्रा सुटून पडला. पण त्यांना तरी कोण सांगणार, की दोर धुतला होता!

काल गवंडी येऊन गेला. फट बुजवायचं काम त्याच्याकडे आहे. त्याने टेपने फट मोजली, किती माल लागेल ते बघितलं. मग आत किती खोल आहे ते कळावं म्हणून त्याने फटीला तोंड लावून "ओऽ" केलं. त्याचाच आवाज आतून फिरून, जरा मऊ होऊन परत आला. तो दचकला. त्याने इकडेतिकडे पाहिलं. आसपास कोणी नव्हतं. तो पुन्हा वाकला आणि हळूच म्हणाला, "आई, धाकटीचं जमलं गं. मुलगा चांगला आहे. तुला सांगायचं राहिलं." मग बराच वेळ तो तिथेच माझ्या कुशीला डोकं टेकून उभा होता. शेवटी नाक पुसून, सामान आवरून गेला. उद्या तो माल कालवायला येईल. त्याला दोष देऊ नका. त्याला काम सांगितलंय आणि घरी लग्न आहे.

मित्रांनो, मी पडत नाही. तिघांवर मी नीट बसलेली आहे आणि आणखी कितीतरी काळ बसून राहीन. मला सिमेंट नको, रंग नको, कुंपण नको. माझ्यावर नावं कोरू नका, माझ्याखाली कचरा टाकू नका, एवढी काळजी घेतलीत तरी पुष्कळ झालं. फक्त ती फट तेवढी राहू द्या. आत आता कोणी नाही, हे मलाही कळतं. पण बाहेर माणसं आहेत आणि त्यांचं काही ना काही सांगायचं राहिलेलं आहे.

जाणकार मंडळी उद्या सकाळी येणार आहेत. मला त्यांच्याशी बोलता येत नाही. तुम्हाला येतं. माल कालवायच्या आधी त्यांना सांगा.